एकच थप्पी बसणारा आकडा

कृष्णात आबा अंगठेबहाद्दर, पण आकड्यांशी त्यांचं जुनं सख्य. वाशीच्या धान्यबाजारात चाळीस वर्षं गोण्या वाहिल्या. सारख्या थरांची थप्पी किती बाय कितीची बसेल, ते नुसत्या नजरेनं सांगायचे. कशाच थरांत न बसणाऱ्या आकड्याला ते 'आडमुठा' म्हणत. नात राजलक्ष्मी पुढे नेरूळच्या कॉलेजात गणित शिकवू लागली, पण मूळ संख्या तिला पहिल्यांदा भेटली ती कोपरखैरण्याच्या घरात, आबांनी फरशीवर मांडलेल्या चिंचोक्यांत. आईबापाविना वाढलेल्या या पोरीला आता आबांशिवाय कुणी नव्हतं. आजी, रंगूबाई, चार वर्षांपूर्वी एका पहाटे गेली होती.

सोमवारी चहा पिताना आबा सहज म्हणाले, "दोन कोटी एकोणपन्नास लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे एक. याची थप्पी लाव बरं."

"एवढा मोठा आकडा कुठून काढला, आबा?"

"रंगूनं दिलाय. म्हनली, एकच थप्पी बसती."

वयाबरोबर मन असं भरकटतंच, अशी समजूत घालत तिनं लॅपटॉप उघडला. संख्या फुटली ती दोनच आडमुठ्यांत. पंधरा हजार सहाशे एक, गुणिले सोळाशे एक. तिसरं कुणी नाही.

"पयला आमच्या संसाराचा," आबा म्हणाले. "दिस हायती त्ये."

तिनं ट्रंकेतली पिवळी पडलेली लग्नपत्रिका काढली, आजीचा मृत्यूचा दाखला काढला आणि दिवस मोजले. एकही इकडचा तिकडे नव्हता. मग न राहवून तिनं आजी गेल्यापासूनचे दिवस मोजले. सोळाशे एकावा दिवस येत्या गुरुवारी होता.

आबांना तिनं डॉक्टरांना दाखवून आणलं. सगळं ठीक निघालं. तरी गुरुवारी तिनं रजा टाकली आणि दिवसभर त्यांच्यापासून हलली नाही. दुपारी पिठलं-भाकरी झाली, संध्याकाळी समोरच्या गार्डनमध्ये दोन फेऱ्या झाल्या. दिवेलागण झाली तेव्हा तिला हसूच आलं.

"आजीचं गणित चुकलं, आबा."

आबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "पाठीवरची गोनी मोजत न्हाईत, पोरी. खाली ठिवली, की मग मोजायची."

आजी पहाटे गेली होती. म्हणजे सोळाशे एकावा दिवस भरणार होता उद्या पहाटे.

"जाऊ नका ना, आबा."

"लई वाकलोय गं. तू हात लाव, म्हंजी अल्लाद उतरंल."

ती त्यांच्या अंथरुणाशेजारीच आडवी झाली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. हात गार होता.

कित्येक वर्षं आबा कुशीवरच झोपत. पाठीचा बाक टेकू देत नसे. आता ते उताणे होते. पाठ गादीला सपाट टेकलेली.

राजलक्ष्मीनं हळूच हात सोडवून घेतले. तिच्या दोन्ही तळव्यांवर गोणपाटाच्या विणीचे लाल वळ उमटले होते.