चकाकी

कर्जतजवळच्या भिसेगावच्या जयाला गाडी चालवता येत नव्हती, आणि गाडीत बसायचा प्रसंगही तिच्यावर क्वचितच यायचा. तरी एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती मोटारींची चित्रं काढायला शिकू लागली. त्याला कारण तिचा नवरा सखा.

सखा खालापूरजवळ, हायवेला लागून असलेल्या आबाजीशेठच्या गॅरेजात पत्र्याचं काम करायचा. गॅरेज साध्या दुरुस्तीचं नव्हतं. जुनी जीप आणायची आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे तिच्यावर नवी बॉडी चढवायची, कुणाला अँब्युलन्स करून द्यायची, कुणाला वरातीसाठी उघडी गाडी, असली कामं तिथे चालायची. भांडण व्हायचं ते शेवटी. गाडी तयार झाली की गिऱ्हाईक म्हणायचं, "मी असं कुठं सांगितलं होतं?" आबाजीशेठनी त्यावर तोड काढली. आधी गाडीचं रंगीत चित्र काढायचं, ते पसंत पडलं की मगच पत्र्याला हात लावायचा. जयानं शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, हे सखानं मोठ्या अभिमानानं सांगून टाकलं.

शिकवायला कडावचे पोपटकाका तयार झाले. मुंबईत मोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं अशी चित्रं काढण्यात घालवली होती. पुढे ते काम सोडलं, हात कापायला लागला, आणि ते गावी आले. कुणाला शिकवा म्हटलं तर नाही म्हणतील, असं सखाला वाटलं होतं. पण ते लगेच हो म्हणाले. जरा जास्तच लगेच.

दुपारची जेवणं उरकली की जया कर्जतहून एसटीनं कडावला जायची. काकांचं घर भाताच्या खाचरांना लागून होतं. ओटीवर टेबल, त्यावर पेन्सिली, पोस्टर कलर, ट्रेसिंग पेपर. चहाचा कप काका दोन्ही हातांनी धरायचे, तरी अर्धा चहा बशीत सांडायचा. त्यांची बायको विमलकाकी फार बोलायच्या नाहीत. जयाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. मांडणीवरची पितळी भांडी घासलेली नव्हती, काळीहिरवी पडली होती, आणि सगळी पालथी घातलेली. कपाटाच्या आरशावर जुनं लुगडं टाकलेलं होतं. काकी थकल्या असतील, असं मनाशी म्हणून तिनं विषय सोडून दिला.

काका शिकवायचे मात्र जीव ओतून. लांबचं चाक किती चपटं दिसतं, काच तिरकी असली की तिच्यातून पलीकडचं दार कसं दिसतं, सगळं पुन्हापुन्हा काढून घ्यायचे. मग एक दिवस ते चकाकीवर आले.

"गाडीला स्वतःचा रंग थोडाच असतो, पोरी," ते म्हणाले. "तिच्या अंगावर दिसतं ते आजूबाजूचं. वरच्या अर्ध्यात आभाळ, खालच्या अर्ध्यात जमीन, मधे क्षितिजाची गडद रेघ. ती रेघ जमली की कागदावरचा पत्रा चकाकतो."

"आणि समोर उभा असलेला माणूस? तोही दिसेल ना, काका?"

काकांनी तिच्याकडे न बघता ब्रश धुतला. "बघणारा काढायचा नाय," ते म्हणाले.

पहिलं मोठं काम माथेरानच्या एका हॉटेलवाल्याचं आलं. नेरळ स्टेशनापासून घाटावरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत पाहुणे चढवायला त्याला बंद बॉडीची जीप हवी होती, गडद हिरवी. जयानं चित्र पुरं केलं आणि वाळायला ठेवलं. वाळल्यावर बघते तर दारावर, आभाळ आणि जमिनीच्या मधल्या रेघेवर, तांदळाच्या दाण्याएवढा उभा काळा ठिपका. ब्रश निसटला असेल म्हणून तिनं त्यावर रंग चढवला. रंग वाळला, आणि ठिपका पुन्हा वर आला.

काका बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. "राहू दे," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या बशीत चहा सांडला नाही.

दुसरं चित्र एका कंत्राटदाराच्या अँबॅसडरचं होतं. त्यात ठिपका काडेपेटीतल्या काडीएवढा झाला. त्याला डोकं होतं, खांदे होते. गिऱ्हाईक खूश झालं. "वा, दारात मालकपण उभा केलाय की!" आबाजीशेठही हसले. जयाला हसू आलं नाही. म्हणजे ते इतरांनाही दिसत होतं.

तिसऱ्या वेळी तिनं क्षितिजाची रेघ काढलीच नाही. सगळ्या दारावर नुसतं निळं आभाळ भरलं. सकाळी त्या आभाळात कमरेपासून वरचा माणूस उभा होता. पाय दिसत नव्हते, कारण तो आता तेवढा जवळ आला होता. चेहऱ्याच्या जागी नुसता गडद रंग.

ते चित्र गुंडाळून ती कडावला गेली. ओटीवर पाय ठेवला आणि थबकली. मांडणीवरची भांडी चिंचेनं घासून लख्ख केलेली, हारीनं सुलटी ठेवलेली. आरशावरचं लुगडं नव्हतं. विमलकाकी आरशासमोर उभ्या राहून कुंकू लावत होत्या. टेबलाशी काका एकाग्रतेनं एक लांब, वळणदार रेघ ओढत होते. रेघ कुठेही हलली नव्हती.

जयानं चित्र त्यांच्यापुढे उलगडलं. काकींनी ते पाहिलं आणि पदरात तोंड खुपसून त्या आत निघून गेल्या.

"काका, हा कोण हाय?"

"ठाऊक नाय."

"तुमच्या चित्रांत होता?"

"होता." काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "ज्यांनी मला शिकवलं त्यांचाही हात कापायचा. मी शिकलो, आणि त्यांचा थांबला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं गं." ते खालच्या आवाजात म्हणाले. "आशा होती."

जयानं चित्र पुन्हा गुंडाळलं. "मी काढायचं सोडते," ती म्हणाली.

"मी पण सोडलं. मग त्याला कागद लागला नाय. पितळेत दिसायला लागला, पाण्यात दिसायला लागला. आणि हात गेला." काकांचे डोळे भरले होते. पण हात स्थिर होता, आणि तो पुन्हा पेन्सिलीकडे गेला.

जयानं काढायचं सोडलं. तो आधी जेवणाच्या ताटात दिसला, मग विहिरीत, पोहऱ्याच्या शेजारी. पाठीमागे वळून बघावं तर कुणी नसायचं. भाताच्या लावणीपर्यंत तिचा उजवा हात कापू लागला. सखानं तिला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. अशक्तपणा, असं त्यांनी सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं. सखानं ताट उन्हात धरून दाखवलं. "काय नाय गं यात. बघ तरी." तो तळमळून बोलायचा, आणि त्याला खरंच काही दिसत नव्हतं.

विश्वास ठेवला तो सोमीनं. सोमी ही सखाची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यापासून ती त्यांच्याकडेच राहायची, आणि नणंद-भावजयीचं नातं त्या दोघींनी कधीच मागे टाकलं होतं. सोमीनं आरसा ट्रंकेत घातला, भांड्यांना काजळी फासली, घास भरवून जयाला जेवायला घातलं.

"दुसऱ्या कुनाला शिकवलंस तर तो जाईल काय गं?" तिनं एकदा विचारलं.

"मी कुणाला शिकवणार नाही, सोमीताई. आणि तू माझ्या सरावाच्या कागदांना हात लावायचा नाहीस. माझी शपथ हाय. चुलीत घाल सगळे."

"घालते," सोमी म्हणाली.

भातं पिवळी पडली. एका सकाळी जया पाणी प्यायला उठली. पेला ओठांपर्यंत गेला, आणि एक थेंब सांडला नाही.

तिनं हात डोळ्यांसमोर धरला. कापत नव्हता.

ती धावत मोरीत गेली आणि भरलेल्या बादलीवर वाकली. पाण्यात तिचा एकटीचा चेहरा होता, केस विस्कटलेला. ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"सोमीताई!"

मागच्या पडवीत सोमी पाठ करून बसली होती. कौलांतून ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. पुढे जयाचे जुने सरावाचे कागद पसरलेले. ते जळाले नव्हते. त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून सोमीनं गाडी गिरवली होती. चाकं वाकडी, काचा वाकड्या. पण दार चकाकत होतं.

त्या दारात आभाळ नव्हतं, जमीन नव्हती. खांद्यांपासून वरचा माणूस दारभर भरून राहिला होता. जयाला अजूनही चेहऱ्याच्या जागी नुसता गडद रंगच दिसला.

"काय केलंस हे?"

"तू कुठं शिकवलंस? मी आपली गिरवत व्हते." सोमीनं मान वळवली नाही. तिच्या बोटांतला ब्रश चालूच होता. "तुझा हात बरा हाय ना?"

जयाला रडू यायला हवं होतं. ते आलं, पण त्याच्या आधी सगळं अंग हलकं झालं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटली. पुढे जाऊन सोमीला धरावं असं वाटत असूनही ती होती तिथेच, सोमीच्या पाठीमागे उभी राहिली.

"जया, तुला त्याचा चेहरा दिसला व्हता?"

"नाही."

"मला दिसतो." सोमी थांबली. "येक सांगू? आलाय माझ्याकडं खरा. पन तो माझ्याकडं बघत नाय गं. तुझ्याकडं बघतोय."

जया नकळत बाजूला सरकली, दाराच्या आडोशाला.

सोमीची नजर चित्रावरच होती.

"आता तिकडं बघतोय," ती म्हणाली.