मोरसरमधली जलपर्णी

"कयाक मी स्वतः धुतल्या, ताई. उन्हात वाळवल्या. तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही," अबोली म्हणाली. तिच्या पुढ्यातला चहा केव्हाच निवला होता.

शनिवारची सकाळ होती. जयपूरच्या झालाना भागातल्या त्या एका खोलीच्या ऑफिसवर ‘आसावरी देशमाने, खासगी तपास’ अशी पाटी होती. आसावरीचं काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा खरंच मॅनेजर आहे का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असलं. तिचा नवरा कौस्तुभ आयटीत होता आणि सुट्टीच्या दिवशी तिचा ड्रायव्हर, कारकून आणि, निदान त्याच्या स्वतःच्या मते, मेंदू म्हणून काम करायचा.

अबोली लष्करी छावणीतल्या एका सुभेदारांची मुलगी, मूळची साताऱ्याकडची. शहराबाहेरच्या मोरसर या पाणथळीवर ती गाइड होती. कयाक म्हणजे दोघांपुरत्या अरुंद होडीत पाहुण्यांना बसवायचं, देवनळाच्या उंच गवतातून आवाज न करता न्यायचं, पक्षी दाखवायचे, पाणी कसं जपायचं ते सांगायचं. तिथला एक नियम फार कडक होता. दुसऱ्या तळ्यात उतरलेली कयाक धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय मोरसरमध्ये उतरवायची नाही, कारण तिला चिकटून जलपर्णी आली तर ती सगळं तळं गिळून टाकते.

"आणि आता मोरसरमध्ये जलपर्णी सापडलीय," अबोली म्हणाली. "नेमकी पक्ष्यांच्या घरट्यांजवळ. त्याआधी मीच नवीन मुलांना शिकवायला दोन कयाक शहरालगतच्या सांडपाण्याच्या तळ्यावर नेल्या होत्या. तिथं जलपर्णीचा नुसता खच आहे. उद्या सरकारी अधिकारी यायचेत. माझा निष्काळजीपणा ठरला तर कयाकच्या फेऱ्यांची परवानगी जाईल, आणि मला पुन्हा कुणी पाण्यावर जाऊ देणार नाही."

"पहिल्यांदा कुणी पाहिली?"

"पंढरीनाथ काकांनी. बांधावरून, दुर्बिणीतून. ते कयाकमध्ये कधीच बसत नाहीत. मला पक्षी त्यांनीच शिकवले."

"आणि फेऱ्यांचे मालक?"

"राघव सर. राघव इनामदार."

आसावरीचा चेहरा एकदम खुलला. "आमच्या कॉलेजातला राघव? नाटकात काम करायचा तो?"

कौस्तुभने लॅपटॉप बंद केला. प्रकरणात त्याला अचानक फार रस वाटू लागला.

मोरसरच्या धक्क्यावर राघव उभाच होता. उंच, उन्हाने रापलेला, आणि दाढीही शोभावी असला माणूस. "आसू!" तो लांबूनच ओरडला.

कौस्तुभच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न झाल्यापासून हे लाडाचं नाव त्याला सुचलं नव्हतं, आणि आता सुचून उपयोगही नव्हता.

"चूक अबोलीचीच आहे गं," राघव म्हणाला. "वाईट वाटतं. लोक नाव घेऊन तिचीच फेरी मागतात. बोलते छान. आधी जरा लांबण लावायची, हे अमुकांनी शिकवलं, ते तमुकांनी पाहिलं. म्हटलं, ते सगळं काढून टाक, पाहुणे कंटाळतात. तेव्हापासून तर टाळ्याच पडायला लागल्या."

जलपर्णी दाखवायला अबोली आपल्या कयाकमधून पुढे निघाली, आणि हे दोघं दुसऱ्या कयाकमधून तिच्यामागे. जो वजनाने भारी त्याने मागे बसून दिशा धरायची असा रिवाज, म्हणून कौस्तुभ मागे. वाटेत कमळाच्या पानांवरून लांब शेपटीचा एक पक्षी ऐटीत चालत गेला.

"कमळपक्षी," अबोली हळूच म्हणाली. "ह्यांच्यात अंडी नर उबवतो. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. हा बिचारा एकटा बसून राहतो."

कौस्तुभने मान वळवून धक्क्याकडे पाहिलं. राघव अजून हात हलवत होता. तेवढ्यात कयाक सरळ देवनळात घुसली. पात्यांना करवतीसारखी धार. कौस्तुभच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक, सरळ ओरखडे उठले.

"समोर बघ," पुढून आसावरी म्हणाली.

जलपर्णी एका कोंडाळ्यात होती. चहूबाजूंनी डोक्यापेक्षा उंच देवनळ, आत शिरायला एक चिंचोळी वाट, आणि वारा अजिबात नाही. आसावरीने एक रोप उचललं. वर पानांचा लहानसा झुबका, पण खाली काळसर मुळं हातभर लांब लोंबत होती. तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं.

"दांडे आहेत, फुलं नाहीत," ती म्हणाली. "सगळ्यांची शेंड्याशी खुडलेली."

"जनावरांनी खाल्ली असतील," कौस्तुभने निकाल दिला.

धक्क्यावर परत आल्यावर आसावरीने एक भलतीच गोष्ट केली. "राघव, मला पुन्हा एकदा तिकडे ने ना. कौस्तुभ, तू थांब, दमला असशील." आणि ती राघवच्या कयाकमध्ये जाऊन बसलीसुद्धा.

दमलेला कौस्तुभ बांधावर धावत चढला. अबोलीची दुर्बीण त्याने जवळजवळ हिसकावूनच घेतली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो तीनदा गेला, टाचा उंचावल्या, एका बाभळीवरही चढून पाहिलं. देवनळ, देवनळ आणि देवनळ. बायको दिसेना, राघव दिसेना, त्या कोंडाळ्यातलं पाणीसुद्धा दिसेना. ती परत आली तेव्हा त्याच्या विजारीला बाभळीचे काटे होते.

"काय करत होतास?" तिने विचारलं.

"पक्षी बघत होतो."

येताना त्यांनी सांडपाण्याच्या तळ्यावर गाडी थांबवली. इथली जलपर्णी गुडघाभर उंच, पानं जाडजूड, जांभळ्या फुलांनी डवरलेली. आसावरीने नाक दाबून एक रोप उपटलं. मुळं जेमतेम टीचभर. ती हात पुसून गाडीत बसली.

तिथून ते राघवच्या घरी गेले. त्याची बायको मनीषा दुसऱ्याच खात्यात सरकारी अधिकारी होती. दोघं सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात राहायची. ती जयपूरमध्येच वाढलेली, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालायचं. बागेत एक गोल सिमेंटचा हौद रिकामा पडला होता.

"यात काय होतं?" आसावरीने विचारलं.

"जलपर्णीच होती. फूल सुंदर येतात ना, म्हणून. पण पंढरीनाथजी चहाला आले, आणि मला इतकं रागावले! बोले, हे जहर आहे. सगळी स्वतः काढून घेऊन गेले, वाळवून जाळायला. माळी भैयाला हात पण नाही लावू दिला."

"अबोलीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

मनीषा जराशी हसली. "राघव घरी येऊन पण अबोली, अबोली करतो. राग येतो. मतलब, येणारच ना?"

येणारच, असं कौस्तुभला अगदी मनापासून वाटलं. गाडीत मात्र तो म्हणाला, "हीच असणार. म्हातारा घेऊन गेला हे ती सांगतेय, पुरावा काय? नाहीतर राघव. मला तो माणूस पहिल्यापासून पटलेला नाही."

"पहिल्यापासून म्हणजे आज सकाळपासून," आसावरी म्हणाली.

पंढरीनाथ वानखडे दुर्गापुऱ्यात एकटेच राहायचे. शेती-शास्त्रज्ञ म्हणून आयुष्य जयपुरात गेलेलं, पण बोलण्यात अमरावती अजून शाबूत होती. भिंतीवर कमळपक्ष्याचे फोटो होते. एवढ्या उकाड्यातही त्यांनी लांब बाह्यांचा सदरा घातला होता.

"अबोली हुशार आहे," ते चहा गाळत म्हणाले. "फार हुशार. तिला कमळपक्षी मीच दाखवला. नर अंडी उबवतो हे पुस्तकात सापडते हो, पण मोरसरचे नर कुठे बसतात, कावळा आला तर अंडी कुठे सरकवतात, त्यासाठी मी किती पावसाळे त्या बांधावर काढले. आता ती सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात. बांधावर ऐकू येतात मला."

"तुम्ही कयाकमध्ये का नाही बसत, काका?"

"काहून बसू? कुणी बसा म्हटलं तर बसावं ना." त्यांनी गाळणी बाजूला ठेवली. "पाण्यात तर आता मी वर्षानुवर्षं उतरत नाही. त्या देवनळात पाय ठेवून तर जमाना झाला. बांध बरा."

"आणि मनीषाताईंच्या हौदातली जलपर्णी?"

"जाळली."

चहाचा कप पुढे करताना त्यांची बाही वर सरकली. हातावर बारीक, सरळ ओरखड्यांच्या रेघाच रेघा होत्या. मांजर पाळलेलं दिसतंय, असं कौस्तुभच्या मनात आलं आणि त्याने कप घेतला.

रविवारी सकाळी, अधिकारी यायच्या आधी, आसावरीने सगळ्यांना धक्क्यावर बोलावून घेतलं. पंढरीनाथ बांधावरून खाली आले. मनीषा आणि राघव एकमेकांपासून जरा अंतर ठेवून उभे होते. अबोली रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"ही जलपर्णी कयाकला चिकटून आलेली नाही," आसावरीने सुरुवात केली. "सांडपाण्यात खायला भरपूर मिळतं, म्हणून तिथली रोपं उंच होतात आणि मुळं आखूड राहतात. मोरसरमधल्या रोपांची मुळं हातभर आहेत. स्वच्छ, नितळ पाण्यात वाढलेल्या रोपाला अन्न शोधायला मुळं लांबवावी लागतात. म्हणजे ही रोपं कुणाच्या तरी घरच्या हौदातली."

सगळ्यांनी मनीषाकडे पाहिलं. कौस्तुभने तर मान डोलावलीसुद्धा.

"शिवाय कयाकला लागून आली असती तर धक्क्याजवळ पडली असती. ती सापडली आडोशाच्या कोंडाळ्यात, जिथून वारा तिला बाहेर नेऊ शकत नाही. आणि एकूण एक फूल खुडलेलं. मी याच्यावरच अडले होते. वैर काढायला आलेला माणूस फुलं कशाला खुडत बसेल?"

"कशाला?" राघवने विचारलं.

"बी पडू नये म्हणून. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. ज्याने हे केलं, त्याला अबोली बदनाम व्हायला हवी होती, पण तळं मरायला नको होतं. त्याचा या तळ्यावर जीव आहे. मनीषाताई, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही. मी तर फुलांसाठीच लावली होती," मनीषा म्हणाली.

आसावरी वळली. "काका, तुम्ही ती बांधावरून पाहिलीत असं अबोलीला म्हणालात. काल मी राघवबरोबर मुद्दाम त्या कोंडाळ्यात गेले. माझा नवरा मला बघण्यासाठी बांधावर जिवाचं रान करणार याची मला खात्री होती. त्याने दुर्बीण लावली, टाचा उंचावल्या, झाडावर चढला. जळणाऱ्या नवऱ्याला जे दिसलं नाही, ते बांधावरून कुणालाच दिसू शकत नाही."

कौस्तुभ कानापर्यंत लाल झाला. मनीषा हळूच हसली.

"ती तिथे आहे हे फक्त ठेवणाऱ्यालाच माहीत होतं. आणि देवनळात पाय ठेवून जमाना झाला म्हणालात. तुमच्या हातांवर आहेत तेच ओरखडे कौस्तुभच्याही हातांवर आहेत. दोन्ही एकाच गवताचे."

कौस्तुभने आपल्या हातांकडे पाहिलं. मांजर विरून गेलं.

पंढरीनाथांनी बाह्या खाली ओढल्या नाहीत. "खरं आहे," ते म्हणाले. "हौदातली जाळलीच नाही. पहाटे ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. दोनचार दिवसांत मीच काढून टाकणार होतो." मग ते अबोलीकडे वळले. "आधी तू प्रत्येक फेरीला म्हणायचीस, हे मला पंढरीनाथ काकांनी शिकवलं. तेवढं ऐकायला मी रोज बांधावर येत होतो. मग एक दिवस तू ते म्हटलंच नाहीस. पक्षी माझा, शब्द माझे, टाळ्या तुला. मला सहन नाही झालं पोरी."

राघव खाली बघू लागला. ते वाक्य त्यानेच काढायला लावलं होतं.

"मला विचारायचं होतंत," अबोली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक होता. "एकदा हाक मारायची होती. मी धावत आले असते. तुम्ही मला शिकवलंत, पाण्यात काही टाकायचं नाही. आणि तुम्हीच?"

अधिकाऱ्यांच्या गाड्या आल्या तेव्हा पंढरीनाथ कुणी न सांगता पुढे झाले आणि त्यांनी सगळं कबूल केलं. परवानगी राहिली. दुपारपर्यंत अबोलीने कोंडाळ्यातलं शेवटचं रोप बाहेर काढलं. मदतीला पुढे आलेल्या काकांना तिने नको म्हटलं.

"तुमचं नाव मी उद्यापासून प्रत्येक फेरीला घेईन," ती म्हणाली. "ते तुमचंच आहे. पण ते ऐकायला तुम्ही बांधावर येऊ नका."

पुढच्या रविवारी आसावरी आणि कौस्तुभ पुन्हा मोरसरला गेले, या वेळी पाहुणे म्हणून. कौस्तुभ मागे बसला. धक्क्यावरून राघवने "आसू" म्हणून हाक मारली. कौस्तुभला अजून थोडं लागलंच, पण वल्हं त्याने सरळ धरलं.

कमळपक्षी तिथेच होता, पानावर, अंड्यांपाशी. अबोलीने त्याची सगळी गोष्ट सांगितली. "हे मला पंढरीनाथ वानखडे यांनी शिकवलं," ती शेवटी म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

कौस्तुभने बांधाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.