तेल वर आलं तेव्हा

"तू रोज माझ्याकडं का म्हणून बघतोस रे?"

हे मी विचारलं. शाळेच्या प्रयोगशाळेत, वर्गातल्या लखनला, सरळ समोर उभं राहून. माझी हिंमत होणार नाही अशी वनमालानं पैज लावली होती, आणि दहावीत आल्यापासून असं कुणी म्हटलं की मला राहवतच नाही. बाकीच्या मैत्रिणी दाराआड ओढण्या तोंडावर दाबून उभ्या.

लखननं मान वर केली. शांतपणे म्हणाला, "तुझ्याकडं न्हाई. तुझ्या साबणाकडं. तेल सुटलंय बघ."

बघितलं तर खरंच. काल साच्यात ओतलेला माझा साबण खाली फुटलेल्या दह्यासारखा, आणि वर बोटभर पिवळं तेल. दाराआड खसखस पिकली... मला काही हसू येईना.

कारण या साबणावर माझी अकरावी टांगलेली. सायन्सला बीडला जाते म्हटल्यावर अण्णा म्हणाले होते, आधी एक साबण धड जमवून दाखव, मग बोलू. न्हाई तर गावातलं आर्ट्स हायच.

लखनचं म्हणणं, तोलण्यात चूक झाली असणार. मी करडईचं तेल, खोबरेल, कॉस्टिक सोडा, सगळ्यांची वजनं दाखवली. बरोबर निघाली. मग म्हणतो, कमी ढवळलं असशील. मी चिडले. आईची रवी पळवून ढवळलं होतं, दाट होईपर्यंत. 'ती रवी आता ताकात घालायची न्हाई' म्हणून बोलणीही खाल्ली होती.

"दाटायला वेळ किती लागला?"

"लगेच दाटलं की," म्हणता म्हणता माझं लक्ष फळीवर गेलं. डिसेंबरची थंडी, बाटलीतलं खोबरेल पार पांढरं गोठलेलं.

आणि मला कळलं. साबण दाटलाच नव्हता. भांड्यातलं खोबरेल गारठ्यानं गोठलं होतं, आणि मी भुलून रवी थांबवली होती.

विज्ञानाच्या मॅडमना विचारून आम्ही सगळं स्टीलच्या पातेल्यात खरवडलं, हातमोजे घातले, मोठे चष्मे लावले, आणि पातेलं गरम पाण्यात ठेवून आळीपाळीनं रवी फिरवत बसलो. त्या चष्म्यात लखन घुबडासारखा दिसत होता. मीही तशीच दिसत असणार. तरी तो बघतच होता.

"साबण तर कालचा हाय," मी म्हणाले. "दिवाळीपासून कशाकडं बघतोस?"

रवी थांबली... पुन्हा फिरली. त्याचे कान मात्र लाल.

थोड्या वेळानं मी रवी उचलून वरून रेघ सोडली. रेघ बुडाली नाही, तशीच वर राहिली; म्हणजे या खेपेला खरंच दाटलं होतं.

"झालं. थांब आता."

"थोडं अजून."

"लई घट्ट होईल. ओतता यायचं न्हाई."

"होऊ दे की," तो पातेल्यात बघत म्हणाला. "थांबलो तर... घरी जावं लागंल."

मी रवी पुन्हा त्याच्या हातात दिली. शेवटी साबण डावानं साच्यात थापावा लागला.

महिनाभर वाळवला. तेलाचा थेंब नाही. काल संध्याकाळी अण्णांनी विहिरीवरची मोटार बंद करून येऊन त्याच साबणानं हात धुतले, वास घेतला, आणि आईला म्हणाले, जमलं की पोरीला. मी टॉवेल पुढं केला.

"अण्णा, आई, मी बीडला जाणार. सायन्सला, रोज एसटीनं," मी म्हणाले. "मेंढरंवाल्यांचा लखन बी येणार हाय. साबण ढवळायला तोच होता. तो पुढच्या फाट्यावर चढणार, आणि मी त्याची जागा धरणार हाय. दुसऱ्या कुणी येऊन सांगायच्या आधी मीच सांगते."