पहिलं की दुसरं?

ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. दिवसभर एकच प्रश्न — "हे बरं दिसतं की हे? पहिलं की दुसरं?" समोरचा गोंधळला की तिला मनातून हसू यायचं. दोन भिंगांतला फरक सांगताना माणसाला एवढा घाम का फुटावा, हे तिला कधी कळलं नव्हतं. ते कळलं त्या संध्याकाळी. ती बसथांब्यावर उभी असताना पावसाची सर आली, आणि आडोसा म्हणून ती मागच्या वाद्यांच्या दुकानात शिरली.

गिटार तिला घ्यायचीच होती. आजवर ती मैत्रिणीची वाजवायची. मैत्रीण लग्न होऊन दूर गेली, तिच्याबरोबर गिटारही गेली.

भिंतीवर शेजारी शेजारी दोन इलेक्ट्रिक गिटार टांगलेल्या. दोन्ही जुन्या घाटाच्या, सायीच्या रंगाच्या, गोल बटणंसुद्धा तीच.

"यांत फरक काय हो?" तिने काउंटरमागच्या तरुणाला विचारलं.

"दिसायला काहीच नाही." त्याने दोन्ही खाली काढल्या. "तारांखालचा हा दांडा, नेक म्हणतो आम्ही, एकीचा जाड आणि एकीचा पातळ. डोळे मिटा आणि धरून बघा."

"डोळे मिटून? अहो, मी चौकातल्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'उघडे ठेवा' म्हणून ओरडत असते."

"म्हणूनच दमले असतील. मिटा."

तिने मिटले. एक गिटार हातात आली, मग दुसरी. तिची बोटं नेकवर बसवताना त्याच्या डाव्या हाताची बोटं क्षणभर लागली. टोकं खरखरीत, तारांनी घट्टे पडलेली. तिचं गिटारवरचं लक्ष उडालं...

"जाड घ्या," तो म्हणाला. "हात कसा भरल्यासारखा वाटतो. पण आज ठरवू नका. उद्या या."

"असं कुठला दुकानदार सांगतो?"

"गिऱ्हाईक आवडलं की..." तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे — गिटार आवडेपर्यंत यावं, असं म्हणायचं होतं."

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. संध्याकाळपर्यंत कुठला धीर निघायला! ती सकाळीच गेली. तोच काउंटर आणि मागे तोच. तिने ठेवणीतलं हसू बाहेर काढलं.

"बोला ताई, काय दाखवू?"

ताई!

"त्या... कालच्या दोन गिटार."

"पातळ नेकची घ्या. सोपी जाते. पॅक करू?"

"काल तर तुम्ही जाड म्हणालात!"

"मी? छे! जाड कोण घेतंय हल्ली? पॅक करू ना, ताई?"

ती तशीच घरी आली. घरी आत्या. आत्याने वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं ऐकून घेतलं.

"काल कान लाल करतो आणि आज ताई म्हणतो? माणूस आहे की हवामानाचा अंदाज?"

"तेच कळत नाही गं."

"मग जाऊ नकोस तिथे."

"गिटार घ्यायचीय ना, आत्या."

"हो हो... गिटारच," आत्या म्हणाली, आणि तिने उशीचा अभ्रा उगाच दोनदा झटकला.

संध्याकाळी ती पुन्हा गेली. तो तिला बघून असा हसला, की दुकानात दिवा लागल्यासारखं वाटलं.

"वाटच बघत होतो."

"सकाळी नव्हतात बघत?"

"सकाळी मी दुकानात नसतोच."

ती थक्क झाली. इतक्या सरळ तोंडाने खोटं! "माझी नजर चांगली आहे, साहेब. सकाळी तुम्हाला इथेच, या जागी बघितलंय मी."

"अहो, तो —"

पण तोवर ती पायऱ्या उतरलीही होती. 'ताई' म्हटल्याचं दुःख एवढं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस अजूनही आवडत होता, ते खुपत होतं. त्याला खरं मानावं तर आपले डोळे खोटे, आणि डोळ्यांना खरं मानावं तर तो खोटा. मानायचं तरी कुणाला?

दोन दिवसांनी तो तिच्याच समोर खुर्चीत येऊन बसला. "नजर तपासायची होती, ताई."

तिने तपासणीची चौकट त्याच्या नाकावर जरा जोरातच बसवली. "पहिलं की दुसरं?"

"सारखंच दिसतंय."

"नीट बघा. पहिलं की दुसरं?"

"अहो ताई, दोन्ही एकच!"

"तुम्हाला सगळं एकच. संध्याकाळी एक बोलायचं, सकाळी दुसरंच —"

"सकाळचा तो आहे," दारातून आवाज आला.

ती वळली. दारात तो उभा होता. खुर्चीतही तोच बसला होता. तिचा हात नकळत स्वतःच्या डोळ्यांकडे गेला.

"जुळे आहोत," दारातला म्हणाला. "हा दादा. तसा थोडाच मोठा आहे, पण मिरवतो फार. सकाळचं दुकान त्याचं, संध्याकाळचं माझं. त्या दिवशी सांगणार होतो, तुम्ही थांबलाच नाहीत. म्हणून यालाच धरून आणला."

दादाने चौकट काढली. त्याला आता मजा वाटू लागली होती. "पण ताई, तुम्हाला खरंच आमच्यातला फरक कळतो? की जो दिसेल त्याच्यावर रागवायचं? मिटा बघू डोळे."

"दादा, गप रे."

"मिटते," ती म्हणाली. तिला स्वतःलाच जाणून घ्यायचं होतं.

बुटांची सरकासरक झाली, कुजबुज झाली, दोन हात पुढे आले. तिने पहिल्याची बोटं चाचपली. मऊ. दुसऱ्याची... तीही मऊ! म्हणजे तेही खोटंच होतं? आणि मग लख्ख आठवलं.

"उजवे काय पुढे करताय? तारा डाव्या हाताने दाबतात. डावे द्या."

पहिला मऊ. दुसरा खरखरीत. तो तिने सोडला नाही.

"पहिला की... दुसरा?" त्याने विचारलं.

"दुसरा."

"नीट बघून सांगा."

"बघत नाहीये, म्हणून तर कळतंय."

"आणि गिटार?"

"जाड नेकची. हाताला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. पण बोलले असते तर तुम्ही बिल केलं असतं. 'उद्या या' म्हणाला नसतात..."

तो हळूच म्हणाला, "मीही त्या दिवशी 'गिऱ्हाईक आवडलं' असंच म्हणालो होतो. ते बरोबर होतं. पुढचं उगाच फिरवलं."

तिने डोळे उघडले. कानाच्या पाळ्या लाल होत्या.

दादा खाकरला आणि चौकट पुन्हा नाकावर चढवून खुर्चीत बसला. "म्हणजे 'ताई' आजपासून बंद. वहिनी, माझ्या नंबराचं तेवढं बघता का? मला खरंच नीट दिसत नाही हो."

तिने तो हात धरूनच ठेवला आणि मोकळ्या हाताने दादाच्या डोळ्यापुढचं भिंग बदललं.

"बोला भाऊजी," ती म्हणाली. "पहिलं की दुसरं?"