वीराचा शेंदूर

“काय करायलात, बाई?”

मागून आवाज आला आणि माझ्या हातातली वाटी पडता पडता राहिली. रविवारची सकाळ, नुकतं फटफटलेलं. वेशीबाहेरच्या वीरापुढे मी उकिडवी बसले होते, दोन्ही हात शेंदरानं माखलेले. आता पळणार तरी कुठं?

मी शिवकन्या. युसूफ वडगावजवळच्या या गावात तासिकेवर इतिहास शिकवते. नववीच्या पोरांना प्रकल्प दिला होता – गावातली सगळ्यात जुनी वस्तू शोधा. पोरांनी हा वीर शोधला. लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा कोरीव दगड, शेंदराच्या थरांत पार बुजलेला. आणि आतलं कोरीवकाम दिसावं म्हणून माझ्या हुशार पोरांनी शनिवारी तो कंपासच्या टोकानं खरवडला! वर्गातल्या संस्कृतीनं रडत रडत येऊन सांगितलं, तेव्हा ते झाकायला मी शेंदराची पुडी आणली. गावाचा देव तो. शाळेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं तर माझी नोकरी तर गेलीच, पोरांचीही धडगत नव्हती.

मागं वळून पाहिलं. एक तरणा मेंढपाळ – खांद्यावर घोंगडं, मागं पंधरा-वीस मेंढ्या, आणि डोळ्यांत हसू.

“पाण्यात कालवला व्हय? शेंदूर तेलात कालवतेत, बाई!”

“तुम्ही... तुम्ही गावात सांगणार?”

“मी धुळाजी. ह्या वीराला शेंदूर लावायचा मान आमच्याच घरचा हाय.”

झालं! आता संपलंच.

त्यानं मात्र वाटी ओतून दिली, पुडीतला उरलेला शेंदूर घेतला, वर वीरापुढच्या दिव्यातलं तेल घातलं. “घ्या. तुमीच लावा. आमच्यात गडी लावत न्हाईत.” वाटी घेताना बोटाला बोट लागलं... त्यानं पटकन मेंढ्यांकडे पाहिलं. मी ते पाहिलंच! शेंदूर लावता लावता पोरांचा सगळा उद्योग मी त्याला सांगून टाकला.

“पोरांचं चुकलं कुठं सांगू? दगडाला हात घालायच्या आदी माज्या आज्जीला इचारायचं. तिला सगळं पाठ हाय.”

मग आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत तो शाळेत आला. आजीला काय काय विचारायचं ते पोरांनी त्याच्याकडून काढून घेतलं. मी बजावलं, “सांगणारा जे बोलेल ते शब्दन् शब्द लिहायचं.”

“बाई, माजाबी एक प्रश्न हाय,” शेवटच्या बाकावरून तो म्हणायचा.

“विचारा ना.”

“...आता न्हाई.”

मला दोन भीती होत्या. एक, सगळं उघडं पडेल. दुसरी, हा यायचा थांबेल.

शनिवारी आम्ही त्याच्या आजीच्या, साखराबाईंच्या अंगणात बसलो. कळपासाठी लढून पडलेल्या त्यांच्या पूर्वजाची गोष्ट त्यांनी सांगितली. मग एकदम म्हणाल्या, “शेंदूर नवा दिसायलाय. कुणी लावला?”

पेनं थांबली. संस्कृतीचा चेहरा पांढराफटक.

“आज्जे, मी...” धुळाजी उठला.

“तू गप बस. गड्याचा हात न्हाई तो.”

मी उभी राहिले. “मी लावला, आजी. पोरांनी खरवडला म्हणून. त्यांना पाठवलं मीच, काय बोलायचं ते मला बोला.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“लेकी, तो शेंदूर आमच्या घरच्या सुनाच लावतेत.”

“चुकलं माझं.”

“चुकलं तर हायच. पर ह्यो धुळ्या आठ दिस मेंढरं सोडून शाळंत कशापायी बसायलाय, ते इचार त्याला.”

धुळाजी कानापर्यंत लाल झाला. “बाई... त्योच प्रश्न होता. तुमची ना असली तरी पोरांची गोष्ट ह्या अंगणाबाहेर जाणार न्हाई. शप्पत! पण... लग्न करताल का माज्याशी?”

संस्कृतीचं पेन वहीवर चालूच होतं. तिनं मान वर केली.

“मॅडम, तुमचं उत्तर काय लिहू?”

“हो... ‘हो’ लिही,” मी म्हणाले, “आणि खाली आजची तारीख टाक.”