दोन सुरांची सुरई

“योमारा, पोपट! पोपट वाकव! अगं, तो नाही, शेवटचा!”

“वाकवतेय ना! ओरडू नकोस कानात!”

धडाम! पडद्यावरच्या राजवाड्याचं छत फुटलं, वाळूचा लोंढा कोसळला आणि तिघांचा बिचारा दूत पुन्हा एकदा दालनाच्या दारात येऊन उभा राहिला.

“ग्वा!” वाल्देमारने कपाळावर हात मारला. “आता मात्र माझी खात्री झाली. या गेममध्ये चूक आहे. सगळी शाळा म्हणतेय ते उगीच नाही!”

“सगळी शाळा काहीही म्हणू दे,” एदिता म्हणाली. “दार आहे म्हणजे ते उघडत असणार. परत लाव.”

एदिता तेरा वर्षांची. योमारा तिची धाकटी बहीण, शाळेच्या वाद्यवृंदात बासरी वाजवणारी. आणि वाल्देमार त्यांचा मावसभाऊ. बोलण्यात पुढे आणि केळ्याचे वेफर्स खाण्यात त्याहून पुढे! फेब्रुवारीतली उन्हाळ्याची सुट्टी होती. बाहेर सान फाबियान गाव उन्हात भाजून निघत होतं आणि कॉम्प्युटरच्या दुकानात ही तीन डोकी एकाच खुर्चीपाशी गर्दी करून बसली होती. गेमचं नाव ‘पक्ष्यांचा राजवाडा’. दोन हजार वर्षांपूर्वीचं राज्य, एक दूत आणि दालनामागून दालनं! तीन दालनं त्यांनी सहज पार केली होती. चौथ्याने मात्र आठवडाभर त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

कोडं दिसायला सोपं होतं. बंद दार शीळ घालून सहा सूर ऐकवायचं. समोर दोन-दोन पोटांच्या पाच सुरया. प्रत्येकीच्या डोक्यावर एक मातीचा पक्षी. सुरई वाकवली की आतलं पाणी एका पोटातून दुसऱ्या पोटात जायचं, हवा पक्ष्याच्या डोक्यातून बाहेर पडायची आणि शीळ वाजायची. दाराने ऐकवलेलं गाणं सुरयांवर वाजवायचं, पण प्रत्येक सुरई एकदाच वाकवता यायची.

“सुरया पाच, सूर सहा!” वाल्देमार वेफर्सचा बकाणा भरत म्हणाला. “हिशोबच बसत नाही. बनवणाऱ्याला मोजता येत नसणार.”

“किंवा आपल्याला ऐकता येत नसेल,” योमारा म्हणाली. “बाहेर रिक्षांचा किती कलकलाट आहे! मला ते हेडफोन दे. आणि तू जरा चावायचा थांब!”

तिने हेडफोन चढवले. पहिल्या चार सुरया क्रमाने वाजवल्या. मग पोपटाची सुरई हळूहळू, अगदी सावकाश वाकवत नेली. शीळ वाजली. तरी तिने बोट उचललं नाही. सुरई आणखी कलली...

“दुसरा!” योमारा ओरडली. “एदिता, हिला दोन सूर आहेत! आधी जाड, मग बारीक! आपण घाईने वाकवायचो, म्हणून तो बारीक सूर यायच्या आधीच पाणी संपायचं!”

पडद्यावरचं दगडी दार घरघरत बाजूला सरकलं. तिघांनी असा काही जल्लोष केला, की दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यांना सरळ बाहेर काढलं!

बाहेर येताच एदिता म्हणाली, “चला, खऱ्या पोपटाला भेटू या! गेमच्या सुरुवातीला लिहिलंय ना, पोपटाचा आवाज आपल्याच गावच्या संग्रहालयातल्या सुरईवरून घेतलाय म्हणून?”

संग्रहालय चौकाच्या पलीकडेच होतं. तिथले प्रमुख सेन्योर पालासिओस म्हणजे गावातला सगळ्यात घाईतला माणूस. बोलणं घाईत, जेवणं घाईत, आणि चालणं तर असं, की कुत्रीसुद्धा वाटेतून उठत. रोज सकाळी ते पांढरे हातमोजे घालून सुरईत थोडं पाणी ओतत आणि पाहुण्यांना तिची शीळ ऐकवत.

त्या दिवशीही त्यांनी सुरई झटकन वाकवली. “फूऽऽ! झालं. ही आपल्या पूर्वजांची कला! धन्यवाद, या आता.”

“सेन्योर, जरा सावकाश वाकवाल का?” योमारा म्हणाली. “दुसरा सूर ऐकायचाय.”

“दुसरा कुठला? हिला एकच सूर आहे.”

“नाही, दोन आहेत. एकदाच, प्लीज!”

सुटका होत नाही म्हटल्यावर सेन्योर पालासिओस यांनी सुरई सावकाश वाकवली. एकच सूर निघाला. योमाराने पुन्हा विनवणी केली. पुन्हा एकच सूर!

“झालं समाधान? जा आता. आज गावाचा वाढदिवस आहे, दुपारी पाहुण्यांचं जेवण आहे, मला शंभर कामं आहेत!”

तिघं पायरीवर येऊन बसली.

“गेमवाल्यांनी आपल्या मनाने जोडला असेल दुसरा सूर,” वाल्देमार म्हणाला.

योमाराने जोरात मान हलवली. “तो पहिला सूरसुद्धा वेगळा होता. गेममधला जाड होता, हा पातळ आहे. वाल्देमार, ही सुरई ती नव्हेच!”



“तशीच दुसरी सुरई कोण बनवू शकेल?” एदिताने हळूच विचारलं.

तिघांची तोंडं एकदमच वाल्देमारच्या घराकडे वळली. त्याची आई रोसाउरा गावातली नावाजलेली कुंभारीण. पाहुण्यांना भेट द्यायला नगरपालिकेने तिच्याकडूनच पोपटाच्या सुरयांच्या नकला करून घेतल्या होत्या!

“माझी आई चोर नाही हं!” वाल्देमार ताडकन उठला.

“कोण म्हणतंय तसं? मावशीला फोन लाव आधी.”

रोसाउरा पिउराच्या जत्रेत माल विकत होती. गोंगाटातून तिचा आवाज आला, “हो, खरी सुरई आली होती माझ्याकडे, नमुन्याला. पालासिओस यांनीच आणून दिली, आणि काल स्वतःच परत नेली. मी भट्टीपाशी होते. त्यांना कुठल्याशा फुटबॉलच्या सामन्याला जायचं होतं. म्हणाले, मी घेतो, तू नको येऊस.”

“आई, खरी सुरई कुठे ठेवली होतीस?”

“खिडकीत.”

“आणि नकला?”

मग रोसाउरा कशीबशी म्हणाली, “त्याही... खिडकीजवळच्याच फळीवर. अरे देवा! आज सकाळी पालिकेची गाडी त्या सगळ्या घेऊन गेली असेल!”

म्हणजे पालासिओस घाईत नक्कलच घेऊन गेले होते! आणि दोन हजार वर्षांची सुरई आज दुपारी कुणाच्या तरी हातात भेट म्हणून पडणार, आणि तो ती पिशवीत टाकून चालता होणार!

चौकात मांडव घातला होता. जेवणं उरकत आली होती आणि प्रत्येक पाहुण्यासमोर एकेक सुरई मांडलेली होती. एकसारखी माती, एकसारखा धूर दिलेला काळपट रंग, एकसारखे पोपट!

एदिता धावतच नगराध्यक्षीण बाईंकडे गेली. “सेन्योरा, यातली एक सुरई खरी आहे! संग्रहालयात आहे ती...”

“काय चाललंय हे?” सेन्योर पालासिओस मध्येच आले. “पाहुण्यांसमोर असलं बोलतात? सेन्योरा, ही पोरं सकाळपासून डोकं खातायत. त्यांच्या कॉम्प्युटरच्या गेममधला पोपट म्हणे दोनदा ओरडतो!”

बाई हसल्या. आसपासचे पाहुणेही हसले. एदिताचे कान लाल झाले. पण ती जागची हलली नाही.

“चुकलं, सेन्योरा,” ती एकदम गोड आवाजात म्हणाली. “मग निदान पाहुण्यांसाठी स्वागताचं गाणं तरी बसवू का? त्यांच्याच सुरयांवर? माझी बहीण वाद्यवृंदात आहे.”

“अगं, ही तर फारच छान कल्पना!” बाई खूश झाल्या.

वाल्देमारने पाण्याचा जग उचलला आणि टेबलांमधून फिरत सुरयांमध्ये पाणी ओतलं. योमारा खुर्चीवर उभी राहिली.

“मी ज्यांच्याकडे हात करीन त्यांनीच वाजवायचं! आणि सावकाश हं! घाई केली तर गाणं बिघडेल!”

एकेक सुरई वाजू लागली. फूऽऽ! फूऽऽ! पाहुणे लहान मुलांसारखे खिदळत होते. नगराध्यक्षीण बाईंनीही स्वतःची सुरई वाजवली. योमारा मात्र डोळे मिटून ऐकत होती. पहिली रांग संपली, दुसरी संपली. शेवटची सुरई वाजली तेव्हा तिचा चेहरा उतरला.

“सगळ्यांचा सूर एकच,” ती कुजबुजली. “खरी इथे नाहीये.”

“ती खुर्ची बघ!” वाल्देमारने कोपऱ्यात बोट दाखवलं. खुर्ची रिकामी होती. ताटात अर्धवट खाल्लेली केळी, पण सुरई नाही! “सेन्योरा, इथले पाहुणे कुठे गेले?”

“इंजिनियर गाम्बोआ? लिमाची बस पकडायची होती त्यांना. आत्ताच निघाले... अरे, गाणं थांबलं का?”

पण ऐकायला कोण थांबतंय! तिघं चौकातून सुसाट सुटली. वाल्देमारने समोर आलेली पहिली रिक्षा थांबवली.

“काका, बसस्थानकावर! उडवा गाडी!”

“आग लागलीय का कुठे?”

“त्याहून वाईट!”

रिक्षा धुळीचे लोट उडवत निघाली. एका वळणावर तर तिची दोनच चाकं जमिनीवर होती! ती स्थानकावर पोचली तेव्हा बस फाटकाच्या आत उभी होती. सामान चढलं होतं, दार लागलं होतं, इंजिन गुरगुरत होतं. रखवालदार फाटक उघडायला निघाला.

एदिताने उडी मारून फाटकाचा अडसर दोन्ही हातांनी धरला. “नाही उघडायचं!”

“ए पोरी, हो बाजूला!” ड्रायव्हर खिडकीतून खेकसला.

“काका, तुमच्या बसमधून आपल्या गावाची सगळ्यात जुनी वस्तू चाललीय! आम्हाला फक्त एकदा आत येऊ द्या. आम्ही खोटे ठरलो तर खुशाल पोलिसांना बोलवा!”

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की ड्रायव्हरने कपाळाला आठ्या घालत का होईना, दार उघडलं.

इंजिनियर गाम्बोआ तिसऱ्या रांगेत बसले होते. पांढऱ्या मिशांचे, गोलमटोल. मांडीवर सुरई, आणि सुरईच्या तोंडात मांडवातलं एक लाल फूल!

“माझी भेटवस्तू?” त्यांनी सुरई छातीशी धरली. “का म्हणून देऊ? माझ्या नातवाला नेतोय मी ही.”

“देऊ नका, आजोबा,” योमारा म्हणाली. “तुम्हीच वाजवा. आम्ही ऐकतो.”

एका बाईने आपल्या बाटलीतलं पाणी सुरईत ओतलं. इंजिनियरनी ती वाकवली. पण बसची घरघर, मागे रडणारं बाळ, बाहेर हॉर्न वाजवणारी रिक्षा, यात कुणाला काय ऐकू येणार!

एदिताने वळून पाहिलं. “काका, इंजिन बंद करा!”

“आता हेही?”

“करा हो!” बाटलीवाली बाई म्हणाली. “मलाही ऐकायचंय.”

इंजिन थांबलं. बाळाला आईने थोपटलं. वाल्देमारने खिडकीबाहेर डोकं काढून रिक्षावाल्याला दटावलं. सगळी बस चिडीचूप झाली.

इंजिनियर गाम्बोआंनी सुरई हळूहळू कलती केली. आत पाणी डुबुक वाजलं. जाड, घोगरा सूर निघाला. तो विरत गेला. कुणी हललं नाही. सुरई आणखी कलली. आणि मग, खूप लांबून एखादं पाखरू साद घालतंय असा बारीक, स्वच्छ सूर आला.

योमाराच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. “हीच!”

बसमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला! इंजिनियर मात्र पांढरेफटक पडले. त्यांनी जपून फूल काढलं. “देवा रे! माझा नातू यात गोट्या भरून ठेवणार होता!” ते उठले. “जाऊ दे ती बस. मी तुमच्याबरोबर येतो.”

चौकात परतल्यावर योमाराने सर्वांसमोर दोन्ही सुरया वाजवून दाखवल्या, संग्रहालयातली आणि ही. यावेळी कुणीही हसलं नाही. सेन्योर पालासिओस मटकन खाली बसले. म्हणाले, “सामन्याला उशीर होत होता. मी नीट पाहिलंच नाही. आणि सकाळी तुम्ही सांगत होतात तेव्हा नीट ऐकलंही नाही. मुलांनो, मला माफ करा.”

“मीही ऐकलं नव्हतं,” नगराध्यक्षीण बाई म्हणाल्या. त्यांनी तिघांना मंचावर नेलं. “आज या गावाचा वाढदिवस. आपण मोठ्यांनी गावाची ठेव हरवली आणि या मुलांनी ती शोधून आणली. आम्ही हसलो, तरी ती हटली नाहीत. गावाला अशीच माणसं हवीत!”

संध्याकाळी रोसाउरा जत्रेहून परतली. तिने तिघांना एकदम कवेत घेतलं, मग लेकाचा कान पकडला. “माझ्या नकला इतक्या हुबेहूब की कुणाला ओळखू येऊ नयेत, आणि तुम्ही त्या उघड्या पाडल्यात! शाब्बास! असे कान हवेत!”

पण त्याआधी, भर दुपारी, सगळ्या गावाने एक नवल पाहिलं होतं. सेन्योर पालासिओस यांनी ती सुरई दोन्ही हातांत धरली आणि ते संग्रहालयाकडे निघाले. एका बाजूला एदिता, दुसऱ्या बाजूला योमारा, वाट मोकळी करायला पुढे वाल्देमार, आणि मागे इंजिनियर गाम्बोआंसह सगळे पाहुणे. चौक ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला, की वाटेत झोपलेल्या कुत्र्यांनी नुसती मान वर करून पाहिलं आणि ती तशीच पुन्हा झोपली.