न्याई लस्मीचं बारसं

भट्टी पेटली की विरुन गावातले गाँग, म्हणजे काशाच्या मोठ्या टांगत्या घंटा, घडवणारे आपली खरी नावं चपलांसारखी दाराबाहेर ठेवतात. आगीच्या कानावर खरं नाव पडलं तर ती ते धातूत ओढून घेते म्हणे. म्हणून आत सगळेच एकमेकांना जुन्या गोष्टींतल्या राजपुत्रांसारखी हाक मारतात. फाटक्या चड्डीतला पोनिमिनसुद्धा युवराज, आणि घरी बायकोनंही तसंच म्हणावं अशी त्याची माफक अपेक्षा.

उस्ताद सुवार्जो तीस वर्षांत कधी चुकला नव्हता. त्या सकाळी काशाची लालभडक थाळी बाहेर आली, चौघांचे घण पडू लागले आणि घाम पुसत तो सवयीनं ओरडला, "लस्मी, पाणी आण गं."

घण थांबले. त्याची बायको लस्मी वारून दोन महिने झाले होते.

"उस्ताद, वहिनींचं नाव घेतलंत," पोनिमिन हळूच म्हणाला.

"घणाकडे बघ, युवराज."

गाँग तयार झाला. टांगून मोगरी मारली. गाँगचा नाद लाटांनी येतो. याच्या तीन लांब लाटा आल्या, मग खंड, मग चौथी, बारीकशी. शेवटच्या आठवड्यात लस्मीचा श्वास अस्साच चालायचा. खंड पडला की सुवार्जो तिचा हात धरून चौथ्याची वाट बघायचा. एकदा तो आलाच नाही.

त्यानं गाँग घासला, ठोकला. सूर बदलला, खंड गेला नाही. फोडून वितळवायला घण घेतला, पण हात उठेना.

"पुन्हा एकदा कसं मरू देऊ तिला?" तो पोनिमिनला म्हणाला.

गाँग जिल्हा कचेरीच्या नव्या सभागृहासाठी होता. मोठ्या गाँगला माणसासारखं मानाचं नाव देतात, पुरुषाचं असेल तर क्याई, बाईचं असेल तर न्याई. जिल्ह्याच्या गुनार्सोसाहेबांनी अत्यंत नम्रपणे स्वतःचंच सुचवलं होतं. कारकून हार्दी त्या नावाची पितळी पाटी घेऊनच आला. सुवार्जोनं दुसरा गाँग देतो म्हणून विनवलं. हार्दी म्हणाला, पत्रिका छापून झाल्यात.

उद्घाटनाला 'क्याई गुनार्सो'चा जयजयकार झाला आणि गुनार्सोसाहेबांनी मोगरी मारली.

धप्प. तांदळाच्या पोत्यावर मारल्यासारखं.

आधी मोगरीला दोष दिला, मग हवेला, मग गाँग ओलांडून तो विटाळल्याच्या संशयावरून एका शिपायाला. शेवटी सुवार्जोला पुढे ढकललं. तो गाँगच्या कानाशी बोलावं तसा वाकला. "न्याई लस्मी," म्हणाला, आणि मारलं.

सभागृह भरून गेलं. पाटी बदलली. हे नाव जिल्ह्याच्या समृद्धीवरून आपणच योजलं, असं साहेबांनी लगेच भाषणात सांगितलंही.

मग येईल त्या पाहुण्याच्या हाती मोगरी. शिक्षणवाले, खतवाले, कुणाची सासू. दर टोल्याला खंड लांबत होता. सुवार्जो कचेरीत खेटे घालून सांगत राहिला, वाजवू नका, संपेल ती. हार्दीनं त्याला चहा दिला. "पाक सुवार्जो," तो वडीलधाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला, "कासं कधी संपतं का?"

एका दुपारी मत्स्यखात्याचे पाहुणे आले. सुवार्जो मागच्या खुर्चीत बसला होता.

पहिली लाट. दुसरी. तिसरी.

खंड.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, जेवायला गेले. दिवे मालवले. त्याचा रिकामा हात मांडीवर उघडाच होता.

गाँग गप्प होता.

चौथा श्वास आला. त्याच्या मानेवर, उबदार.